टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे कंपाउंड सापडलं असं नसतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय : ऑरगॅनिक प्रॅक्टिकलमधल्या ऑक्सिडेशन टेस्ट आणि त्यांचा लावला जाणारा अर्थ

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकललाही उभी असते. पेपर अवघड आला किंवा मार्क कमी पडले अशी तक्रार घेऊन हे पत्र लिहीत नाहीये. परीक्षानळीत जे दिसतं त्याचा अर्थ कसा लावायचा हे आपल्या मुलांना नीट शिकवलं जात नाहीये आणि ते मला मनापासून खटकतं, म्हणून लिहितेय. आपला पेपर विद्यार्थी, पालक, शिक्षक सगळेच वाचतात, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

बारावीला फंक्शनल ग्रुप (रेणूतला, त्याचे गुण ठरवणारा अणूंचा गट) ओळखायचा असतो आणि बी.एस्सी.ला अख्खं कंपाउंड, ज्याला मुलं ऑरगॅनिक स्पॉटिंग म्हणतात. त्यातल्या बऱ्याच टेस्ट या ऑक्सिडेशनच्या असतात, टोलेन्स, फेहलिंग, बेयरची परमँगनेटची टेस्ट, क्रोमिक ऍसिड, आयोडोफॉर्म वगैरे. गाइडमध्ये याचा तीन कॉलमचा तक्ता असतो, टेस्ट, ऑब्झर्व्हेशन, इन्फरन्स. टोलेन्समध्ये चकचकीत आरसा आला, अल्डिहाइड. जांभळा रंग गेला, कार्बन-कार्बन डबल बाँड. नारंगीचा हिरवा झाला, अल्कोहोल. मुलं हा तक्ता पाठ करून येतात आणि परीक्षेत तोच उतरवतात, आणि खरी अडचण तिथंच सुरू होते.

या सगळ्या टेस्टमध्ये आतून घडतं ते एकच. समोरच्या अनोळखी पदार्थाचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे तो इलेक्ट्रॉन गमावतो, आणि आपण घातलेला रिएजंट ते घेऊन स्वतः रिड्यूस होतो. आणि आयोडोफॉर्म सोडला तर डोळ्याला जे दिसतं ते रिएजंटचं दिसतं! आरशातली चांदी आपण घातलेल्या सिल्व्हर नायट्रेटची, फेहलिंगमधला लाल गाळ आपल्याच कॉपर सल्फेटमधल्या तांब्याचा, बेयरच्या टेस्टमधला तपकिरी गाळ आपल्याच परमँगनेटमधल्या मँगनीजचा. अनोळखी पदार्थाचं काय झालं, तो कशात बदलला, हे डोळ्याला दिसतच नाही. दार वाजलं की बाहेर कोणीतरी आलंय एवढं कळतं, कोण आलंय ते वाजण्यावरून ठरवायचं नसतं. ही एक गोष्ट मुलांच्या डोक्यात पक्की बसली तर निम्मं काम झालं असं मी म्हणेन, कारण मग पुढचा प्रश्न आपोआप पडतो की बाबा हे काम आणखी कोण कोण करू शकतं?

आता उदाहरण घेऊन सांगते. बेन्झाल्डिहाइड. कडू बदामासारखा वास येणारं हे द्रव जवळपास प्रत्येक लॅबमध्ये असतं आणि स्पॉटिंगला हमखास दिलं जातं. विद्यार्थी २,४-डीएनपी हे रिएजंट घालतो, नारंगी गाळ येतो, म्हणजे कार्बोनिल (अल्डिहाइड आणि कीटोन दोन्हींत असणारा कार्बन-ऑक्सिजन डबल बाँड) आहे. टोलेन्स घालून नळी कोमट पाण्यात धरतो, काचेवर आरसा चढतो, मुलगा खूश. मग फेहलिंग ए आणि बी मिसळून उकळत्या पाण्यात ठेवतो आणि काहीच होत नाही, निळं ते निळंच. इथं मुलं गडबडतात. तक्त्यात तर अल्डिहाइडला लाल गाळ लिहिलाय. मग काय होतं, जर्नलमध्ये किंवा उत्तरपत्रिकेत आधी लिहिलेलं 'बदल नाही' खोडलं जातं आणि त्याच्यावर 'लाल गाळ' लिहिलं जातं. मी अशी खाडाखोड कितीतरी वेळा बघितलीय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या मुलानं खोडलेलं उत्तर हेच सगळ्यात मौल्यवान होतं. फेहलिंग हे टोलेन्सपेक्षा नरम ऑक्सिडायझर आहे, बेन्झीनच्या रिंगला थेट जोडलेला अल्डिहाइड ग्रुप सहसा त्याला दाद देत नाही. म्हणजे टोलेन्स पॉझिटिव्ह आणि फेहलिंग निगेटिव्ह ही जोडी मिळाली की तीच सांगते की हा ॲरोमॅटिक अल्डिहाइड असावा. निगेटिव्ह टेस्टनंच इथं शोध पुढं नेला, आणि आपण तीच पुसून टाकली!

बेन्झाल्डिहाइडची आणखी एक गंमत आहे, ती मला फार आवडते. बाटली जुनी झाली, बूच सैल राहिलं की हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं आपोआप ऑक्सिडेशन होतं आणि बेन्झोइक ऍसिड तयार होतं. बुचाच्या कडेला पांढरे स्फटिक धरलेले दिसतात ते हेच. अशा बाटलीतला नमुना मिळाला की सोडियम बायकार्बोनेट घातल्यावर बुडबुडे येतात, मुलगा लिहितो कार्बोक्झिलिक ऍसिड. खोटं काही नाही त्यात, ऍसिड आहेच नळीत, पण ते मूळ कंपाउंड नाही. आता डीएनपी, टोलेन्स आणि वास एकीकडं बोट दाखवतायत आणि बायकार्बोनेट दुसरीकडं, अशा वेळी काय करायचं? नमुना बायकार्बोनेटच्या पाण्यानं धुऊन ऍसिड काढून टाकायचं आणि उरलेल्यावर परत टेस्ट लावायच्या, आणि बॉइलिंग पॉइंट बघायचा, १७९ अंशाच्या आसपास आला तर शंका फिटली. हे सगळं पाऊण तासात होऊ शकतं. पण एवढा विचार करणाऱ्या मुलाला त्याचे मार्क मिळतील अशी सोय परीक्षेत हवी की नको?

परमँगनेटचं तर विचारूच नका. अडॉल्फ फॉन बेयर यांच्या नावानं ही टेस्ट ओळखली जाते, १९०५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ ते. थंड, पातळ, अल्कलाइन परमँगनेट घालायचं, डबल बाँड असेल तर जांभळा रंग जातो आणि तपकिरी मँगनीज डायऑक्साइड खाली बसतं. छान टेस्ट आहे, पण परमँगनेट इतकं तगडं ऑक्सिडायझर आहे की डबल बाँडशिवायही बरीच मंडळी त्याचा रंग घालवतात. फिनॉल घालवतं, ॲनिलीन घालवतं, अल्डिहाइड घालवतात, फॉर्मिक ऍसिड घालवतं. ऑक्झॅलिक ऍसिडचं तर बारावीचा प्रत्येक विद्यार्थी गरम करून परमँगनेटबरोबर टायट्रेशन करतो, त्यात कुठं कार्बन-कार्बन डबल बाँड आहे? पण तोच विद्यार्थी शेजारच्या टेबलावर रंग गेला की 'अनसॅच्युरेटेड', म्हणजे कार्बन-कार्बन डबल बाँड असलेलं, लिहून मोकळा होतो. दोन प्रयोग एकाच जर्नलमध्ये, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

मेल्टिंग पॉइंट १२२ च्या आसपास आला तर दोन नेहमीचे उमेदवार असतात, बेन्झोइक ऍसिड आणि बीटा-नॅफ्थॉल, दोघांचे मेल्टिंग पॉइंट एका अंशाच्या फरकात. बेन्झोइक ऍसिड परमँगनेटला हात लावत नाही, नॅफ्थॉल रंग घालवतं. पण तक्ता वाचणारा मुलगा नॅफ्थॉलला अनसॅच्युरेटेड ठरवून भलतीकडं जातो. त्यानं जर बायकार्बोनेट घालून बघितलं, बुडबुडे नाहीत, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र विरघळतंय, फेरिक क्लोराइडला हिरवट रंग येतोय, डायझोनियम मीठ घालून लाल-नारंगी डाय पडतोय, तर गाडी बरोबर रुळावर येते. १३३ ला सिनॅमिक ऍसिड आणि युरिया असेच शेजारी बसलेले असतात. सिनॅमिक ऍसिडला बुडबुडेही येतात आणि परमँगनेटचा रंगही लगेच जातो, आणि नळी जरा कोमट करून नाकाजवळ वारा घेतला तर बदामाचा वास येतो, कारण डबल बाँड तुटून बेन्झाल्डिहाइड तयार झालेलं असतं. म्हणजे इथं अनोळखी पदार्थाचं नक्की काय झालं हे नाकाला कळतं! असं क्वचितच होतं, आणि म्हणून जेव्हा होतं तेव्हा ते मुलांना दाखवलंच पाहिजे.

डबल बाँडची खात्री करायची तर ब्रोमिन लावून बघायचं, तेही कार्बन टेट्राक्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवलेलं. साधा डबल बाँड ब्रोमिन गुपचूप गिळतो. फिनॉल आणि ॲनिलीनही ब्रोमिनचा रंग घालवतात पण त्यांच्यात ब्रोमिन रिंगवर बसताना हायड्रोजन ब्रोमाइड बाहेर पडतं, फिनॉलच्या नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरला की लाल होतो, ॲनिलीन मात्र स्वतः बेस असल्यामुळं तो वायू बराचसा धरून ठेवतं. दोन्ही टेस्ट एकत्र वाचल्या तरच अर्थ लागतो, एकटी कुठलीच पुरी पडत नाही.

आता साखरेकडं येते, कारण हा भाग विज्ञान न शिकलेल्या वाचकालाही जवळचा आहे. आमच्या आधीच्या पिढीत शुगर पेशंटची लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळून बघायचे. हिरवं, पिवळं, नारंगी, विटकरी, जितकी साखर जास्त तितका रंग पुढं. ही पण ऑक्सिडेशन टेस्टच, फेहलिंगचीच बहीण म्हणा, फेहलिंगची १८४९ ची, ही नंतरची. पण ती साखर ओळखत नव्हती, ती तांबं रिड्यूस करणारं काहीतरी आहे एवढंच सांगत होती. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या भरपूर घेतलेल्या माणसाची लघवी साखर नसतानाही रंग दाखवू शकते. अल्कॅप्टोन्युरिया नावाच्या दुर्मिळ आजारात लघवीतून होमोजेंटिसिक ऍसिड जातं, ते पण बेनेडिक्ट रिड्यूस करतं. पुढं ग्लुकोज ऑक्सिडेज एन्झाइमची पट्टी आली, ते एन्झाइम ग्लुकोजलाच धरतं म्हणून टेस्ट नेमकी झाली. पण त्या पट्टीतही शेवटी रंग येतो तो हायड्रोजन पेरॉक्साइडमुळं, आणि व्हिटॅमिन सी ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं, म्हणजे साखर असूनही पट्टी कमी दाखवू शकते. तेच व्हिटॅमिन सी, एका टेस्टला खोटं हो म्हणायला लावतं आणि दुसरीला खोटं नाही! अर्थ लावायला टेस्टच्या पोटात काय चाललंय ते माहीत असावंच लागतं, नुसता रंगांचा चार्ट पुरत नाही.

लॅबमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज देतात तेव्हा मुलांचा हाच गोंधळ होतो. ग्लुकोज अल्डिहाइड, फ्रुक्टोज कीटोन, कीटोन टोलेन्स देत नाही, म्हणून टोलेन्स आला की ग्लुकोज. सरळ वाटतं पण चुकीचं आहे, फ्रुक्टोजही टोलेन्स देतं आणि फेहलिंगही देतं. कारण दोन्ही रिएजंट अल्कलाइन आहेत आणि अल्कलीत फ्रुक्टोज एनडायॉल नावाच्या मधल्या रूपाच्या वाटेनं ग्लुकोज आणि मॅनोजमध्ये बदलत राहतं, शिवाय कार्बोनिलच्या शेजारीच ओएच ग्रुप असल्यामुळं ते सहज ऑक्सिडाइझ होतं. मग दोघांना वेगळं कसं करायचं? ब्रोमिन वॉटर वापरायचं. ते आम्लधर्मी, तिथं फ्रुक्टोजला रूप बदलायला वाव नाही, म्हणून ग्लुकोजचं ग्लुकोनिक ऍसिड होतं आणि फ्रुक्टोज तसंच राहतं. सोबतीला सेलिवानॉफची टेस्ट, रेसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ऍसिडबरोबर फ्रुक्टोज लवकर लाल होतं. ऑक्सिडेशन दोन्हीकडं, फरक फक्त माध्यमाचा, आणि उत्तर वेगळं. मला विचाराल तर अख्ख्या सिलॅबसमध्ये टेस्टचा अर्थ लावणं शिकवायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, आणि वर्गात याला किती वेळ मिळतो, तर वायव्हाच्या तयारीतला एक प्रश्न म्हणून दोन मिनिटं.

सुक्रोजचंही तसंच, आपली घरातली साखर फेहलिंगला काही करत नाही, पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडबरोबर काही मिनिटं उकळली की फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि मग लाल गाळ येतो. पण ऍसिड न्यूट्रल न करता फेहलिंग ओतलं तर अल्कली मरते, टेस्ट येत नाही आणि मुलगा लिहितो हायड्रोलिसिस झालं नाही.

टोलेन्समध्ये आणखी एक जागा आहे जिथं पाय घसरतो. सगळ्यांनाच आरसा मिळत नाही, नळी जरा तेलकट असली तर काळा-करडा गाळ येतो आणि तोही पॉझिटिव्हच धरतात, बरोबर आहे. पण थायोयुरिया दिलं तर? तेही अमोनियाच्या सिल्व्हर नायट्रेटला काळं करतं, पण तो गाळ चांदीचा नसून सिल्व्हर सल्फाइडचा असतो, म्हणजे ऑक्सिडेशनची टेस्ट आलेलीच नाही. हे कळायला आधी केलेल्या लॅसेनच्या टेस्टकडं (पदार्थात नायट्रोजन, सल्फर वगैरे आहे का ते बघायची टेस्ट) मागं वळून बघावं लागतं, सोडियम एक्स्ट्रॅक्टमध्ये सल्फर सापडलं होतं का? सापडलं असेल तर काळ्या गाळावर विश्वास ठेवायचा नाही. फॉर्मिक ऍसिडही टोलेन्स देतं, ऍसिड असूनही, कारण त्याच्या रचनेत कार्बोनिलला थेट हायड्रोजन लागलेला आहे. आणि नायट्रो ग्रुपसाठी तर आपण मुद्दाम झिंक आणि अमोनियम क्लोराइडनं रिडक्शन करून हायड्रॉक्सिलअमीन तयार करतो, ते गाळून टोलेन्सवर घालतो आणि काळा गाळ आला की नायट्रो म्हणतो. एकच टोलेन्स, तीन टेबलांवर तीन अर्थ. फेरस हायड्रॉक्साइडच्या टेस्टमध्ये तर उलटंच, तिथं अनोळखी नायट्रो कंपाउंड स्वतः ऑक्सिडायझर असतं आणि आपलं हिरवट फेरस हायड्रॉक्साइड तपकिरी फेरिक होतं. कोण कोणाला ऑक्सिडाइझ करतंय हा साधा प्रश्न विचारायची सवय असती तर मुलांना हे पाठ करावंच लागलं नसतं.

ब्लँकबद्दल तर मी भांडायला तयार आहे. ब्लँक म्हणजे अनोळखी पदार्थ न घालता बाकी सगळं तसंच करून बघायचं. आपल्याकडं किती कॉलेजांत विद्यार्थी ब्लँक लावतात? धुतलेल्या नळ्या लवकर वाळाव्यात म्हणून ॲसिटोननं विसळायची पद्धत आहे, आणि त्या नळीत थेंबभर ॲसिटोन राहिला की डीएनपी पॉझिटिव्ह, आयोडोफॉर्मही पॉझिटिव्ह, पिवळा गाळ आणि तो दवाखान्यातला वास, सगळं यथासांग. दिलेलं असतं काय, तर बेन्झाल्डिहाइड नाहीतर ॲनिलीन. स्पिरिटनं विसळली तरी आयोडोफॉर्म पॉझिटिव्हच, कारण इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग आयोडोफॉर्म. न विरघळणारा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून परमँगनेट घातलं की अल्कोहोलच हळूहळू रंग घालवतं. क्रोमिक ऍसिडच्या टेस्टसाठी ॲसिटोन वापरतात, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं असलं तर ॲसिटोन एकटाच हिरवा होतो. एक रिकामी नळी शेजारी लावली असती तर हे सगळं तिथल्या तिथं उघडं पडलं असतं. आणि दुसऱ्या बाजूनं एक नोन नळी, म्हणजे जी टेस्ट नक्की देते अशा पदार्थाची, रिएजंट जुना होऊन मेला असेल तर तीच सांगते. फेहलिंग ए आणि बी आधीच मिसळून ठेवलेलं, टोलेन्समध्ये अमोनिया जास्त पडलेला, असल्या कारणांनी बरोबर पदार्थाची टेस्ट निगेटिव्ह येते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं.

वेळ बघणं हाही टेस्टचाच भाग आहे. क्रोमिक ऍसिडला प्रायमरी आणि सेकंडरी अल्कोहोल दोन-तीन सेकंदांत नारंगीचं हिरवं करतात, टर्शरी करत नाही. अल्डिहाइडही करतात पण जरा सावकाश, ॲरोमॅटिक अल्डिहाइड आणखी सावकाश. पाच मिनिटांनी नळीकडं बघून 'हिरवं झालं' लिहिण्याला काही अर्थ नाही, तेवढ्या वेळात बरंच काही हिरवं होतं. तसंच परमँगनेटचा पहिला थेंब गेला म्हणून टेस्ट आली असं नाही, थोडीशी अशुद्धीही एखादा थेंब खाते, किती थेंब जातायत आणि ब्लँकमध्ये किती जातायत ते मोजायचं असतं. गरम किती केलं, कशावर केलं, हेही. टोलेन्सची नळी थेट बर्नरवर धरून उकळली की न देणारे पदार्थही काळे पडतात.

टोलेन्सचा विषय निघालाच आहे तर सुरक्षिततेचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे रिएजंट लागेल तेवढंच ताजं करायचं आणि प्रयोग झाला की पातळ नायट्रिक ऍसिड घालून लगेच टाकायचं. राहून राहून त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होतं, वाळलं तर नुसत्या धक्क्यानंही उडू शकतं. उद्याच्या बॅचला उपयोगी पडेल म्हणून बाटली भरून कपाटात ठेवणं हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे. क्रोमिक ऍसिडमधलं सहा व्हॅलन्सीचं क्रोमियम कॅन्सरकारक आहे, ते बेसिनमध्ये ओतणं थांबलं पाहिजे. टेस्ट थेंबांवर होते, चमच्यांवर नाही.

काही सहकारी म्हणतात की आता आयआर आहे, एनएमआर आहे, म्हणजे रेणूची रचना दाखवणारी यंत्रं, मग नळ्या उकळत कोण बसतं? मला ते पटत नाही. यंत्रं हवीतच, पण आयआरमध्येही १७०० च्या आसपास कार्बोनिलचा पट्टा दिसला म्हणून कंपाउंड सापडत नाही, अल्डिहाइड की कीटोन की ऍसिड यासाठी दुसरे पट्टे बघावे लागतात, २७०० ते २८५० मधली अल्डिहाइडची जोडी आहे का, ऍसिडचा रुंद पट्टा आहे का. विचाराची पद्धत तीच. ज्याला टोलेन्स आणि फेहलिंग एकत्र वाचता येत नाही त्याला स्पेक्ट्रमही वाचता येणार नाही, तो तिथंही तक्ताच शोधेल.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही हो. आपल्या पेपरात नद्यांच्या प्रदूषणाच्या बातम्या येतात, त्यात सीओडी नावाचा आकडा असतो. सांडपाणी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ऍसिडबरोबर दोन तास उकळून किती ऑक्सिडायझर खर्च झाला त्यावरून तो काढतात, आणि नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हीसुद्धा ऑक्सिडेशन टेस्टच! आकडा मोठा आला तर ऑक्सिडाइझ होणारं बरंच काही आहे एवढं कळतं, कुठलं रसायन आहे ते नाही कळत. पाण्यात मीठ जास्त असेल तर क्लोराइडही डायक्रोमेट खातं, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालून ते बांधून ठेवतात, आणि पिरिडीनसारखे पदार्थ या टेस्टला दाद देत नाहीत, ते पाण्यात असूनही आकड्यात येत नाहीत. उद्या हाच विद्यार्थी एखाद्या एमआयडीसीच्या लॅबमध्ये असा रिपोर्ट लिहिणार आहे, औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलला बसणार आहे. तिथं त्यानं खाडाखोड करून तक्त्यात बसेल ते लिहिलं तर चालेल का आपल्याला?

मुलांना मी दोष देत नाही. नाव बरोबर आलं तर मार्क, नाही आलं तर गेले, अशी पद्धत असली की मुलं आधी नाव कुठून तरी मिळवतात, वासावरून, बाटलीच्या रंगावरून, कोणी कानात सांगितलं त्यावरून, आणि मग त्या नावाला साजेशी ऑब्झर्व्हेशन मागून भरतात. आधी कळस मग पाया. आम्ही शिक्षकही वेळेच्या घाईत तेच चालवून घेतो, तीसेक मुलं, दोन-तीन तास, एक्सटर्नल समोर बसलेले, त्यात प्रत्येकाचा विचार तपासायला उसंत मिळत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही.

माझं म्हणणं बोर्डापर्यंत आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांपर्यंत आपल्या पेपरमुळं पोचावं अशी इच्छा आहे. स्पॉटिंगचे जास्तीत जास्त मार्क नावाला न ठेवता खऱ्या ऑब्झर्व्हेशनला आणि त्यावरून केलेल्या तर्काला द्या. प्रत्येक ऑक्सिडेशन टेस्टच्या शेजारी ब्लँक आणि नोनचा कॉलम जर्नलमध्ये छापा. इन्फरन्सच्या कॉलममध्ये 'अल्डिहाइड आहे' ऐवजी 'अल्डिहाइड, अल्फा-हायड्रॉक्सी कीटोन किंवा फॉर्मिक ऍसिड असू शकतं, पुढची टेस्ट अमुक' असं लिहायला शिकवा, त्यात हातानं दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील एवढंच. आणि ज्या मुलानं सगळ्या टेस्ट प्रामाणिकपणे करून शेवटी 'या दोन कंपाउंडपैकी एक, वेगळं करायला मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट (माहीत असलेला पदार्थ मिसळून घेतलेला मेल्टिंग पॉइंट) घ्यावा लागेल' असं लिहिलं, त्याला नुसतं बरोबर नाव लिहिणाऱ्यापेक्षा एक तरी मार्क जास्त मिळू द्या.

पुढच्या वर्षीची जर्नल छापायला जाण्याआधी, म्हणजे जूनच्या आत, एवढा बदल करता येण्यासारखा आहे, त्याला नवीन उपकरण लागत नाही की जादा ग्रँट लागत नाही. माझ्या वर्गासाठी ब्लँक आणि नोनचे कॉलम असलेला नमुना मी तयार केलाय, ज्या शिक्षकांना हवा असेल त्यांना आपल्या कार्यालयामार्फत द्यायला मी आनंदानं तयार आहे.

आपली नम्र,
एक केमिस्ट्रीची शिक्षिका,
जि. सातारा